हललेली भिंत

"आजपासून शांती नगरमधली कुठलीही हालचाल माझ्या नजरेतून सुटणार नाही," कौस्तुभने जाहीर केलं. असलं काही जाहीर करायचं तर उंच जागी उभं राहावं लागतं, म्हणून तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभा होता. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात परागमामाने दिलेला नवा कोरा डिजिटल कॅमेरा. मागे सूर्य मावळत होता, आणि तोसुद्धा ऐकायला जरा थांबलाय असं निदान कौस्तुभला तरी वाटलं.

"सेल घातलेस का?" रसिकाने विचारलं.

कौस्तुभने कॅमेऱ्याचं पोट उघडून पाहिलं. मग तो कठड्यावरून उतरला आणि जिना उतरून घरी गेला, कारण सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये होते.

साल होतं दोन हजार सात, महिना मे, आणि शांती नगरमधल्या या सोसायटीचं नाव सागरदर्शन. सागरदर्शनमधून सागराचं दर्शन कधीच कुणाला झालेलं नव्हतं. गच्चीवरून खूप लांबवर मिठागराची पांढरी रेघ तेवढी दिसायची, आणि पाहुण्यांना तीच समुद्र म्हणून दाखवायची पद्धत होती. या सोसायटीत सुट्टीला गावी न गेलेली चारच मुलं उरली होती. कौस्तुभ आणि रसिका आठवीत जाणार होते, नीलेश सातवीत. चौथी संजना, ती पाचवीत जाणार होती आणि गळ्यात घराची किल्ली घालून फिरायची.

खरं म्हणजे पाचवाही होता. त्याचं नाव बिल्डर. इमारतीचं काम चालू असताना रेतीच्या ढिगावर झोपायला म्हणून आलेला हा पिवळसर कुत्रा इथलाच झाला. खरा बिल्डर चाव्या देऊन जो गेला तो पुन्हा दिसला नाही, हा मात्र राहिला, म्हणून लोकांनी कौतुकाने नाव याला दिलं. संजनाचे आई-बाबा दोघंही चर्चगेटला कामाला. ते दिवेलागणीनंतर कधीतरी यायचे. तोवर संजना तळमजल्याच्या जिन्यात बसायची, आणि तिच्या शेजारी, एका पायरीवर मावेल तेवढा मावून, बिल्डर बसायचा. बाकी कुणी बोलावलं तर तो एक कान हलवायचा. संजनाने "बिल्डर, ये" म्हटलं की मागच्या भिंतीपलीकडे असला तरी धावत यायचा.

सेल घेऊन कौस्तुभ परत आला, तेव्हा मोहीम सुरू झाली. मोहिमेचं कारण असं की मागच्या भिंतीजवळचं कचऱ्याचं पिंप रोज संध्याकाळी कुणीतरी आडवं करत होतं. वॉचमन दशरथ म्हणायचा मांजर. सेक्रेटरी गुणवंतकाका म्हणायचे समाजकंटक.

"पुरावा पाहिजे," कौस्तुभ म्हणाला. त्याने गच्चीच्या कठड्यावर छोटा तिपाई स्टँड ठेवला, त्यावर कॅमेरा बसवला आणि झूम करून पिंपावर रोखला. भिंतीपलीकडे रस्त्याचा दिवा होता, आणि त्याचा उजेड बदामाच्या झाडातून गळून खाली पडत होता.

"अंधारतंय. फोटो हलेल," रसिका म्हणाली.

"हलणार कसा? एक तर स्टँड आहे. बटण दाबताना बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावलाय. आणि वर हे." त्याने थरथरत्या हाताचं चित्र असलेलं बटण दाखवलं. "याला म्हणतात स्टॅबिलायझर. मामा म्हणाला, हे चालू असलं की हात हलला तरी फोटो हलत नाही. म्हणजे बघ, दुहेरी बंदोबस्त."

मामा त्यापुढेही काहीतरी बोलला होता. पण तोपर्यंत कौस्तुभने मामाच्याच नाकाचे फोटो काढायला सुरुवात केली होती.

बराच वेळ काही झालं नाही. संजना आई येईल म्हणून खाली निघणार, एवढ्यात पिंप वाजलं. कौस्तुभने टायमर दाबला. दिवा लुकलुकला, कॅमेरा 'टक्' म्हणाला, आणि चौघांनी डोकी एकमेकांवर आपटत तो इवलासा पडदा पाहिला.

पडद्यावर लांबच लांब पिवळं अंग होतं. अंगावर ठिपके होते. मागे शेपूट होतं, तेही लांबच लांब.

"बिबट्या," नीलेश म्हणाला. तो एरवी इतक्या हळू कधी बोलत नसे.

"बिल्डर असेल," संजना म्हणाली.

"बिल्डरला ठिपके आहेत का?"

"नाहीत."

"मग?"

कौस्तुभने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं, हे डोकं, हा एक दुमडलेला कान आपण कुठेतरी पाहिलाय. पण तोपर्यंत नीलेश जिन्यातून "बिबट्या, बिबट्या" करत प्रत्येक मजल्याची बेल दाबत खाली पोचला होता, आणि दारं उघडून माणसं विचारत होती, "फोटो कुणी काढला?"

"मी," कौस्तुभ म्हणाला. वाटलेलं मग तसंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फोटो स्टुडिओतून मोठा करून आणून नोटीस बोर्डावर लावला गेला. मोठा केल्यावर बिबट्या आणखी मोठा झाला. पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. सगळे एकदम बोलत होते, आणि जो तो आपल्याला आधीच संशय होता असं सांगत होता.

"मेरे को तो पहलेसेच डाउट था," दुसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन म्हणाल्या. "रात को कुछ ऐसे गुर्र करके बोलता था."

"ते आमचे हे घोरतात," तिसऱ्या मजल्यावरून आलेल्या कौस्तुभच्या आईने, सुचेताबाईंनी, खुलासा केला. पण सभेला तो खुलासा नको होता.

गुणवंतकाका उभे राहिले. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे तोडगा तयार असे. प्रश्न समजायच्या आधीच तयार असे, त्यामुळे वेळ वाचायचा. "जंगल आहे पलीकडे काशीमिऱ्याला," ते म्हणाले. "तिथून तो इथे का येतो? कुत्र्यांसाठी. बिबट्याचं आवडतं खाद्य म्हणजे कुत्रा. मग आपल्याकडे कुत्रा कोण आहे?"

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. बिल्डर पायरीवर पडून स्वतःची शेपटी तपासत होता.

"कुत्रा काढा, बिबट्या बंद," काका म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. शिवाय मागच्या भिंतीवर मोठा हॅलोजन बसवायचंही ठरलं.

बिल्डरला न्यायला गादीवाल्याचा टेम्पो आला तेव्हा दुपार होती. दशरथने बिस्किटं दाखवली, बिल्डरने ती खाल्ली आणि दूर जाऊन बसला. ड्रायव्हरने गोणपाट आणलं, तो आणखी दूर गेला. शेवटी गुणवंतकाकांनी संजनाला बोलावलं.

"बाळ, तू हाक मार जरा. त्याच्या भल्यासाठीच आहे. इथे राहिला तर बिबट्या खाईल ना त्याला."

संजनाने कौस्तुभकडे पाहिलं. बिबट्याबद्दल या सोसायटीत सगळ्यात जास्त माहिती आता त्यालाच होती. कौस्तुभने मान डोलावली. काय म्हणून डोलावली, ते त्याला नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी कळलं नाही. त्याच्या हातात कॅमेरा होता आणि तो या प्रसंगाचेही फोटो काढत होता.

"बिल्डर, ये," संजना म्हणाली.

तो धावत आला.

त्यानंतर बिबट्या दिसला नाही. कचऱ्याचं पिंपही उभंच्या उभं राहू लागलं. गुणवंतकाका फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत, "बघा, उपाय कसा लागू पडला." नया नगरमधून दोन मुलं मुद्दाम सायकलवर येऊन बोर्डावरचा फोटो बघून गेली. भाजीवाला कौस्तुभच्या आईला कोथिंबीर फुकट देऊ लागला. कौस्तुभला या सगळ्याची सवय होत होती. फक्त संध्याकाळी तो जिन्याने न जाता लिफ्टने जायचा. जिन्यात संजना बसलेली असायची, भिंतीकडेच्या अर्ध्या पायरीवर. उरलेली अर्धी ती अजून मोकळी सोडायची.

एका सकाळी रसिका त्याच्या दारात उभी राहिली. हातात नोटीस बोर्डावरून काढून आणलेला फोटो होता.

"बिबट्या पळत होता, म्हणून तो हलला. बरोबर?"

"बरोबर."

"मग भिंत का हलली?"

कौस्तुभने फोटो घेतला. इतके दिवस सगळ्यांनी बिबट्या पाहिला होता. भिंतीकडे कोण बघतं? भिंतीवर 'कचरा टाकू नये' असं रंगवलेलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर फोटोत दुहेरी दिसत होतं.

"भिंत काही पळत नव्हती," रसिका म्हणाली. "म्हणजे कॅमेरा हलला."

"कसा हलेल? स्टँडवर होता. टायमर होता. कुणी हातच लावला नव्हता."

"तेच तर विचारतेय."

त्या संध्याकाळी पुन्हा गच्ची. तीच जागा, तोच स्टँड, तोच बदामातून गळणारा उजेड. हॅलोजन दशरथला सांगून बंद करवला होता. कमी होता फक्त बिबट्या. त्याची जागा नीलेशला मिळाली.

"मीच का?" नीलेशने खालून ओरडून विचारलं. त्याच्या अंगावर आईची पिवळी चादर होती आणि तो पिंपाजवळ हातापायांवर उभा होता. चादरीवर एकही ठिपका नव्हता, हे रसिकाने दोनदा तपासलं होतं.

"तुझी चाल तशी आहे," रसिका वरून म्हणाली. "आता हलू नकोस."

पहिला फोटो, स्टँडवर आणि बटण चालू. पडद्यावर भिंतीची अक्षरं दुहेरी झाली. नीलेश हलला नव्हता तरी कडेने विरघळला होता. आणि चादरीवर ठिपके होते. बदामाच्या पानांमधून पडलेले उजेडाचे ठिपके, थोडे ओढले गेलेले, अगदी बिबट्याला असतात तसे.

"आता ते बटण बंद कर," रसिका म्हणाली.

स्टँडवरच, पण बटण बंद. 'कचरा टाकू नये' असं स्वच्छ वाचता आलं. नीलेश नीलेशसारखा दिसत होता, चादरीखाली निळी हाफपँटसुद्धा दिसत होती.

कौस्तुभने स्टँडवरून कॅमेरा काढून हातात धरला. हातात आणि बटण बंद, तर सगळंच सारवल्यासारखं आलं. हातात आणि बटण चालू, तर भिंत पुन्हा बऱ्यापैकी सरळ.

"म्हणजे हातात असताना ते मदत करतं, आणि स्टँडवर उलट बिघडवतं," कौस्तुभ म्हणाला. "असं का?"

परागमामाला ठाण्याला फोन लावला गेला. मामा आधी हसला, मग म्हणाला, "अरे, तेच सांगत होतो ना तुला, तर तू माझ्या नाकात शिरला होतास. आत एक भिंग असतं. हात इकडे हलला की ते तिकडे सरकून सावरून घेतं. हात हलतोच, म्हणून अंधुक उजेडात, झूम केल्यावर, ते चालू ठेवायचं. पण स्टँडवर सावरायला काही नसतं. तरी ते बिचारं काय सावरू, काय सावरू करत राहतं, आणि त्यातच स्वतः हलतं."

रसिकाने हे खाली नीलेशला ओरडून सांगितलं.

"आपल्या कमिटीसारखं," नीलेश म्हणाला. "मी उठू का? गुडघे गेले."

"एकदा चालून दाखव. मग उठ."

तो चालला. कॅमेरा स्टँडवर, बटण बंद. भिंत स्वच्छ आली, पण नीलेश मात्र लांबच लांब, शेपटासारखी चादर मागे ओढत. हलणाऱ्या जनावरापुढे ते बटण चालू असो की बंद, काही उपयोग नव्हता. कॅमेरा स्वतःचं थरथरणं सावरू शकतो, दुसऱ्याचं चालणं नाही.

कौस्तुभने हा शेवटचा फोटो जुन्या फोटोशेजारी धरला. चादरीऐवजी कातडी, बाकी फरक नव्हता. जुन्या फोटोत एक कान दुमडलेला होता. तो त्याला पहिल्याच संध्याकाळी दिसला होता.

"बिल्डर होता," तो म्हणाला. "बिबट्यापासून वाचवायला म्हणून आपण बिबट्यालाच पाठवलं."

खाली नीलेश चादर घडी करत होता, आणि ती नीट घडी होत नव्हती.

आता एकच काम होतं. बिल्डरला परत आणायचं, संजनाच्या पायरीवर. पण त्याला सोडलं कुठे हे गुणवंतकाका सांगत नव्हते. "लांब. चांगल्या ठिकाणी," एवढंच. दशरथला माहीत नव्हतं, आणि गादीवाला टेम्पो घेऊन गावी गेला होता.

काका सकाळी फाटकाजवळच्या बाकावर पेपर वाचायचे. त्यांच्या मागच्या बाजूला रसिका आणि नीलेश येऊन बसले आणि आपापसांत, पण पुरेशा मोठ्याने, बोलू लागले.

"बिबट्याचं नाक फार तीक्ष्ण असतं म्हणे," रसिका म्हणाली. "कुत्रा जिथे नेऊन सोडला तिथे तो वासावर जातो. आणि तिथून कुत्र्याच्या जुन्या वासावर परत मूळ जागी."

"पण लांब सोडला असेल तर नाही ना येणार?" नीलेशने विचारलं.

"खूप लांब असेल तर नाही. खाडी ओलांडून वसईपलीकडे वगैरे."

पेपर हळूहळू खाली आला. "आणि समजा," गुणवंतकाका म्हणाले, "समजा हं, राईला सोडला असेल तर?"

"राई? उत्तनच्या रस्त्यावरचं?"

"समजा म्हटलं मी."

"मग काका, दार लावून झोपत जा," नीलेश अदबीने म्हणाला.

घरी सांगितलं, भाईंदरला क्लासची चौकशी करायला जातोय. सुट्टीत क्लासची आठवण काढणारी मुलं पाहून तिन्ही घरांत आया गहिवरल्या, आणि कौस्तुभच्या आईने त्याला सरबताला वेगळे पैसे दिले. तेही त्याला खिशात टोचत राहिले. संजनाला सांगितलं ते मात्र खरं सांगितलं, सगळं, भिंतीच्या अक्षरांसकट. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी म्हटलं तेच," ती म्हणाली.

"हो."

"मग तेव्हा मला का नाही सांगितलंस, की मी म्हणते तसंही असेल?"

कौस्तुभ चपलेचा अंगठा नीट करत राहिला. अंगठा तुटलेला नव्हता.

शेअर रिक्षाने भाईंदर, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून उत्तनची बस. बसच्या खिडकीतून मिठागरं अगदी जवळून दिसत होती, आणि मिठाचे ढीग उन्हात डोळे दिपवत होते. नीलेश म्हणाला, "आपला समुद्र." कुणी हसलं नाही.

राईला उतरल्यावर नीलेश दिसेल त्याला विचारू लागला. "काका, नवा कुत्रा पाहिलात का इथे? पिवळा, लांब शेपूट, एक कान दुमडलेला, स्वभावाने सज्जन."

सायकलवरचा एक माणूस थांबला. "लंगडतो का?"

"नाही," संजना म्हणाली.

"मग त्यो न्हाय. नवा एक हाय चंपाच्या घरा, पन त्यो लंगडतो."

संजना पुढे चालू लागली. चंपाचं घर कुठे आहे हे तिने विचारलंच नाही, पण घरंच थोडी होती, आणि एका घराच्या ओट्यावर, ओंजळभर सावलीत, बिल्डर झोपलेला होता. पुढचा एक पाय त्याने अंगाखाली घेतला नव्हता, बाजूला पसरून ठेवला होता. पायाला हळदीचा पिवळा लेप होता.

तो उठला. तीन पायांवर उड्या मारत आला आणि संजनाच्या गळ्यातली किल्ली चाटू लागला. ती खाली मातीतच बसली.

घरातून एक बाई सूप हातात घेऊन बाहेर आली. "तुमचा हाय काय वाघ्या?"

"वाघ्या?" रसिकाने विचारलं.

"मीच ठेवला नाव. टेंपोतशी उडी मारली त्यानी. टेंपो थांबायच्या आदीच. मी बगितला ना, इथंच होते. पाय दुखावला. दोन दिस काय खाल्ला न्हाय त्यानी, निस्ता रस्त्याला तोंड करून बसलेला. मग खाल्ला." तिने मुलांकडे नीट पाहिलं. "कोनी टाकला असा? चांगला जनावर हाय."

कौस्तुभ म्हणाला, "आम्ही."

चंपाने त्याला काही विचारलं नाही. ओट्यावर बसायला सांगितलं आणि पाणी आणून दिलं. ते जास्त जड गेलं.

"न्यायचा त न्या," ती म्हणाली. "त्याला यायचा असंल त येल. मी काय बांधून न्हाय ठेवला."

"आधी फोटो काढशील?" संजनाने विचारलं. "आमचा दोघांचा."

ओट्यावर छप्पर होतं, उजेड कमी होता. स्टँड आणला नव्हता. कौस्तुभने बटण चालू केलं, कोपरं छातीला टेकवली, श्वास रोखून धरला आणि फोटो काढला. संजना स्वच्छ आली, ओट्याच्या कडेचं सारवणसुद्धा बोटांच्या खुणांसकट आलं. बिल्डरचं शेपूट मात्र नुसता धुरकट पट्टा होता, कारण ते हलायचं थांबायला तयार नव्हतं. कौस्तुभने आयुष्यात काढलेला हा पहिला चांगला फोटो होता.

ते बसथांब्याकडे निघाले. बिल्डर लंगडत बरोबर निघाला. वाटेतल्या चिंचेच्या झाडापर्यंत आला, वळणापर्यंत आला. तिथे रस्त्याच्या कडेला कुणाचा तरी रिकामा टेम्पो उभा होता. बिल्डर थांबला आणि बसला.

संजना दहा पावलं पुढे होती. ती वळली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"बिल्डर, ये."

त्याने दुमडलेला कान हलवला. तिच्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. पण तो उठला नाही.

"ये ना. आता खरंच घरी जायचंय."

तो पाठमोरा झाला आणि तीन पायांनी चंपाच्या घराकडे चालू लागला. नीलेश त्याच्यामागे धावणार होता. रसिकाने त्याचा सदरा धरला.

"उचलून नेता येईल," कौस्तुभ म्हणाला. "मी उचलतो. लांबपर्यंत उचलतो."

"नको," संजना म्हणाली. "पुन्हा फसवल्यासारखं होईल."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. कौस्तुभने तिला कॅमेरा दिला. ती पडद्यावरचा फोटो मोठा करून बघत होती, आणि बस हादरत असल्यामुळे तो सारखा हलत होता. त्याला कुठलंही बटण नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये पुन्हा सभा भरली. या वेळी बोर्डावर सगळे फोटो ओळीने लावले होते. हललेली भिंत, न हललेली भिंत, उभा नीलेश, चालता नीलेश, आणि शेवटी राईचा. रसिकाने समजावून सांगितलं, नीलेशने चादर पांघरून दाखवली. गादीवालाही नेमका परत आला होता, त्यानेही राईला नेल्याचं कबूल केलं. लोक फोटोंपुढे रांगेने गेले.

"म्हणजे बिबट्या नव्हताच," जिग्नाबेन अखेर म्हणाल्या. "मेरे को तो पहलेसेच डाउट था."

गुणवंतकाकांचे कान लाल झाले होते. पण त्यांनी अनेक ऑडिट पाहिली होती. घसा साफ करून ते उठले. "आपल्या सोसायटीच्या मुलांनी शास्त्रीय पद्धतीने सत्य शोधून काढलं. अफवेला बळी न पडता. हा आदर्श सगळ्या शांती नगरने घ्यावा." टाळ्या वाजल्या. शाल एकच असल्यामुळे ती तिघांच्या खांद्यांवर आळीपाळीने घालून काढून घेण्यात आली. नीलेशने ती चादरीसारखी पांघरली म्हणून सुचेताबाईंनी डोळे वटारले.

कौस्तुभला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने रात्री जागून बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, तो बिल्डर असेल म्हणून," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही. मला टाळ्या आवडल्या होत्या. तो आता लंगडतो आणि आपल्या हाकेला येत नाही. तेव्हा आज टाळ्या वाजवू नका."

टाळ्या वाजत होत्या त्या मध्येच अडखळल्या. मागचे दोघंतिघं न ऐकल्यामुळे तशाच वाजवत राहिले. मग गुणवंतकाकांनी बिल्डरबद्दल ठराव मांडला. त्यात 'खेद' म्हणावं की 'तीव्र खेद', यावर थोडी चर्चा झाली आणि तीव्र खेद एकमताने मंजूर झाला. वडे वाटण्यात आले. काकांनी आपला वडा खाल्ला नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला, आणि कौस्तुभला बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "राईला बस किती वाजता असते रे? हळद पुरेशी नाही होत. डॉक्टरला न्यायला हवं त्याला."

"मी येईन बरोबर," कौस्तुभ म्हणाला.

लोक पांगले. संध्याकाळ झाली होती. संजना जिन्याकडे निघाली, तसा कौस्तुभ तिच्यामागून धावला. गळ्यातून कॅमेरा काढून त्याने तिच्यापुढे धरला.

"हा तुझा. कायमचा. स्टँडसकट. मामाला मी सांगेन."

संजनाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मला नको."

"मग काय देऊ? सांग. काहीही सांग. सोसायटीकडून हवं असेल तरी सांग, आज सगळे ऐकतील. नवीन पिल्लू आणायचं? नोटीस बोर्डावर त्याचा मोठा फोटो लावायचा? मी रोज राईला जाऊन त्याला बघून यायचं? जे म्हणशील ते करतो."

तिने खरोखर विचार केला. मागे भिंतीवरचा हॅलोजन दशरथने लावला आणि साऱ्या कंपाउंडमध्ये दिवसासारखा उजेड पडला, जिना सोडून.

"जिन्यातला बल्ब गेलाय," ती म्हणाली. "तेवढा लावायला सांगशील?"